येरवड्याची वही

येरवडा म्हटले की आपल्या माणसाला पहिल्यांदा तुरुंग आठवतो आणि तुरुंगाबरोबर पुणे करार. २४ सप्टेंबर १९३२ रोजी त्या तुरुंगात झालेल्या सह्यांची चर्चा आपल्या घरांत अजून संपलेली नाही. येरवड्याची दुसरी ओळख म्हणजे मनोरुग्णालय. कोणी वेड्यासारखे बोलला तर "याला येरवड्याला पाठवा" असे आपण सहज म्हणून जातो. तिसरी ओळख मात्र ज्या घराला गरज पडते त्यालाच होते. आळंदी रस्त्यावर मोहनवाडीत मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे. आमच्या घराला ती ओळख पावणेपाच वर्षांपूर्वी झाली.

माझा थोरला भाऊ, ज्याला आम्ही दादा म्हणतो, लेथ मशीनवरचा कारागीर आहे. हात सोन्याचा, पण त्या हाताला दारूचा थरकाप लागला होता. मुक्तांगणात तो ३५ दिवस राहिला. आता अधूनमधून तो फॉलोअपला जातो, तेव्हा वहिनी बरोबर असते. गेल्या खेपेला मीही गेले. हा लेख त्या प्रवासाचा आहे आणि दादाच्या पिशवीतल्या एका वहीचा आहे. दादाने लिहायला परवानगी दिली आहे. नाव मात्र कोणाचेच देत नाही. का देत नाही ते पुढे येईलच.

आम्ही कल्याणहून सकाळची गाडी धरली. पूर्वी दादाबरोबर प्रवास म्हणजे वहिनीच्या जिवाला घोर असे. पाण्याच्या बाटलीत पाणीच आहे की आणखी काही, हे हुंगून बघावे लागे. लग्नाला जाताना, गावी जाताना, दीक्षाभूमीला जातानासुद्धा ही धास्ती असायची. या वेळी दादाने आदल्या रात्रीच वहीत एक पान लिहिले होते. त्याला तो 'प्रवासाचे पान' म्हणतो. गाडी कर्जतला थांबली, मागे घाटाची इंजिने लागत होती, खिडकीशी वडेवाल्यांचा गलका चालू होता, तेव्हा त्याने ते पान मला दाखवले. मोठ्या, शाळकरी अक्षरात चार ओळी होत्या. भूक कुठे लागेल? कर्जतला, वडा खायचा. राग कशाचा येईल? जागेवरून भांडण झाले तर उभे राहायचे. एकटे कुठे वाटेल? वाटणार नाही, दोघी बरोबर आहेत. दमायला कधी होईल? परतीला, गाडीत झोपायचे.

"एवढंच?" मी विचारले.

"एवढंच. भूक, राग, एकटेपणा, थकवा. या चार दारांतूनच ती आत येते," दादा म्हणाला. 'ती' म्हणजे दारू. आमच्या घरात अजून तिचे नाव घेत नाहीत.

व्यसनमुक्तीच्या कामात ही चार दारे जगभर शिकवली जातात. अमेरिकेतील सिॲटल येथील मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लाट यांनी १९८५ साली एका सहकाऱ्याबरोबर व्यसन पुन्हा जडू नये यासाठी काय करावे, यावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. माणूस पुन्हा पितो तो आभाळातून वीज पडावी तसा अचानक नाही. त्याआधी ठरावीक प्रसंग येतात, ते आधी ओळखून नोंदवून ठेवले तर टाळता येतात किंवा निभावता येतात, असे त्यांचे म्हणणे. पिण्याची ऊर्मी ही लाटेसारखी असते, वर चढते आणि तिला खतपाणी घातले नाही तर ओसरते, हेही त्यांनी शिकवले. दादाच्या वहीत अशा लाटांच्या नोंदी आहेत. किती वाजता आली, कुठे होतो, कोण बरोबर होते, किती मिनिटांनी गेली. सुरुवातीच्या पानांवर दिवसाला पाच-पाच, सहा-सहा नोंदी आहेत. पुढेपुढे आठवड्याला एखादी. माणसाला आपण सुधारतो आहोत हे कोणी सांगून पटत नाही. वहीने पटते.

खंडाळा, लोणावळा, कामशेत मागे पडले. देहूरोड आले तसे वहिनीने हात जोडले. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी तिथे बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. वहिनी एवढेच म्हणाली, "पाचवं शील रोज म्हणत होतो की आपण. यांनीपण म्हटलं होतं. शील तोंडात आणि वास पण तोंडात."

तिचे बोलणे झोंबणारे होते, पण त्यात विचार करण्यासारखे आहे. आपल्या महिला मंडळांनी मोर्चे काढले, भट्ट्या फोडल्या, दुकाने बंद करायला लावली. ते काम मोठे आहे आणि चालूच राहिले पाहिजे. पण आमच्या वस्तीतले दुकान बंद झाले तेव्हा दादा दोन गल्ल्या पलीकडे चालत गेला. बाहेरचे दुकान बंद करणे मंडळाच्या हातात आहे, आतले दुकान ज्याचे त्यालाच बंद करावे लागते. पाचवे शील मद्याला नाही म्हणते ते मद्याने प्रमाद होतो, म्हणजे माणूस गाफील होतो म्हणून. गाफीलपणाला उतारा जागेपणाचा. अष्टांगिक मार्गातली सम्यक स्मृती ती हीच. रोज रात्री दहा मिनिटे बसून 'आज मी कसा होतो' हे लिहिणे हा जागेपणाचा अगदी साधा, शाळेतल्या पोरालाही जमणारा प्रकार आहे.

पुणे स्टेशनला उतरून आम्ही मेट्रो धरली. येरवड्याचे मेट्रो स्थानक ऑगस्ट २०२४ मध्ये सुरू झाले, त्यामुळे आता बसची वाट बघत उभे राहावे लागत नाही. बंडगार्डनपाशी गाडी उंचावरून मुळा-मुठा ओलांडते. तिथून पुढे रिक्षाने मोहनवाडी.

मुक्तांगणाची गोष्ट थोडक्यात सांगते. ऐंशीच्या दशकात ब्राऊन शुगर, म्हणजे गर्द, शहरांतल्या तरुण पोरांना गिळू लागली. लेखक डॉ. अनिल अवचट यांनी त्यावर वर्तमानपत्रात लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले आणि त्यांनी देणगी दिली. अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ होत्या. त्यांच्या पुढाकाराने २९ ऑगस्ट १९८६ रोजी मनोरुग्णालयाच्याच आवारात हे केंद्र सुरू झाले. पुढे मोहनवाडीत स्वतंत्र इमारत झाली. डॉ. अनिता १९९७ साली गेल्या, डॉ. अनिल अवचट जानेवारी २०२२ मध्ये गेले. त्यांची कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी पुढे ही धुरा सांभाळली. म्हणजे लिहिलेल्या कागदापासूनच या केंद्राचा जन्म झाला, असे म्हटले तरी चालेल. इथल्या कार्यकर्त्यांत स्वतः व्यसनातून बाहेर पडलेली माणसे बरीच आहेत. त्यामुळे आलेल्या माणसाला कोणी खालच्या नजरेने बघत नाही.

दादाला वही लिहायला इथेच सांगितले गेले. तो सातवी शिकलेला. शाळा सुटल्यावर त्याने सही आणि रजेचा अर्ज याखेरीज काही लिहिले नव्हते. पहिल्या दिवशी तो पेन धरून तासभर बसला आणि एकच ओळ लिहिली, 'मला घरी जायचे आहे.' समुपदेशक म्हणाले, "छान. उद्या लिहा, घरी कोणाकडे जायचं आहे." दुसऱ्या दिवशी त्याने मुलीचे नाव लिहिले आणि तो रडला. तिसऱ्या दिवशी अर्धे पान झाले.

आपल्या माणसाला लिहायची भीती का वाटते याचा मी पुष्कळ विचार केला. आपल्या आज्या-पणज्यांना कागद भेटला तो सावकाराचा. त्यावर अंगठा दिला की जमीन गेली. त्यानंतर कागद भेटला तो पोलीस चौकीचा, कोर्टाचा, कामावरून काढल्याच्या नोटिशीचा. कागदावर आले ते आपल्या विरुद्धच जाणार, हा धडा पिढ्यान् पिढ्या मिळालेला आहे. म्हणून दादा घरी येऊन रात्री वही घेऊन बसू लागला तेव्हा शेजारच्या काकांनी विचारले, "काय रे, केसबिस झाली का तुझ्यावर?" मोठा माणूस स्वतःसाठी लिहितो, हे आमच्या चाळीत कोणी पाहिलेच नव्हते. अक्षरओळख आपण परीक्षेसाठी आणि नोकरीसाठी वापरली. ती स्वतःचे मन वाचण्यासाठीही वापरता येते, हे आपल्याला आता शिकायचे आहे.

ही पद्धत मूळची कुठली, तेही सांगण्यासारखे आहे. अमेरिकेत ओहायो राज्यातील ॲक्रन गावी १९३५ साली बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ या दोन दारुड्यांची गाठ पडली. एक शेअर बाजारात वावरलेला, दुसरा शल्यचिकित्सक. एकमेकांशी खरे बोलून दोघे दारूपासून दूर राहिले. डॉ. बॉब यांनी शेवटचा घोट घेतला तो १० जून १९३५ रोजी. तोच 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' म्हणजे 'ए.ए.'चा स्थापनादिन मानतात. डिसेंबर १९३८ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील घरी बिल विल्सन यांनी अंथरुणात पडल्या पडल्या पिवळ्या कागदांच्या पॅडवर पेन्सिलीने बारा पायऱ्या लिहून काढल्या. अर्धा तास लागला म्हणतात. १९३९ साली त्यांचे पुस्तक निघाले. आपल्या देशात ए.ए. १९५७ साली आली. आज आमच्याकडे एका शाळेच्या वर्गात तिची मीटिंग भरते. फी नाही, जात विचारत नाहीत, आडनाव विचारत नाहीत. तिथे ऐकलेले बाहेर बोलायचे नाही हा रिवाज आहे. मीही इथे नावे देत नाही ती त्यामुळेच.

या बारा पायऱ्यांतली चौथी पायरी लेखी आहे. स्वतःची निर्भय झडती घ्यायची. मी कॉमर्स शिकलेली, पतपेढीत कारकून. मला ही पायरी लगेच कळली, कारण त्या पुस्तकात दाखला दुकानाचा दिला आहे. जो दुकानदार मालाची मोजदाद करत नाही, कुजका माल फेकत नाही, त्याचे दिवाळे निघते. आपल्याकडच्या हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर रोजचा व्यवहार रोजकीर्दीत, मग ज्याच्या त्याच्या खात्यावर खतावणी, मग तेरीज, शेवटी ताळेबंद. दादाच्या वहीचे तेच आहे. रोजची पाने ही रोजकीर्द. चौथी पायरी ही खतावणी.

त्यासाठी पानावर रकाने आखतात. पहिल्यात, कोणावर राग आहे. दुसऱ्यात, कशामुळे. तिसऱ्यात, त्याने माझे काय दुखावले. मान, पैसा, घर की भविष्याची काळजी. दादाच्या पानावर होते : 'मुकादम. सगळ्यांसमोर बोलला. मान.' एवढे लिहून माणूस थांबला तर ती नुसती तक्रारवही होईल. म्हणून पुढे आणखी एक प्रश्न विचारायचा असतो, यात माझा वाटा किती? दादाने लिहिले होते, 'तीन दिवस लागोपाठ उशिरा गेलो. पिऊन.' हिशेबाचा नियम आहे की नावे आहे तसे जमाही असते. एक बाजू लिहून तेरीज जुळत नाही. पुढच्या पायऱ्यांत हे सारे एका विश्वासू माणसाला वाचून दाखवायचे, ज्यांचे नुकसान केले त्यांची यादी करायची आणि जमेल तिथे भरपाई करायची. दहावी पायरी म्हणजे ही झडती रोज चालू ठेवणे. या पायऱ्यांत देवाचा उल्लेख येतो, त्यावर दादा अडला होता. मीटिंगमधल्या जुन्या माणसाने सांगितले, "ज्याला जे मोठं वाटतं ते धर. हा गट तुझ्यापेक्षा मोठा आहे ना? मग गट धर." दादाने संघ धरला. अडचण सुटली.

लिहिण्याने शरीरालाही बरे वाटते का, याचा अभ्यास झालेला आहे. अमेरिकेतील जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ साली, म्हणजे मुक्तांगण निघाले त्याच वर्षी, एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना चार दिवस रोज पंधरा मिनिटे लिहायला बसवले. काहींना किरकोळ विषय दिले, काहींना आयुष्यातली मोठी जखम. ज्यांनी जखमेबद्दल घडलेलेही लिहिले आणि वाटलेलेही लिहिले, ते पुढच्या सहा महिन्यांत दवाखान्यात कमी वेळा गेले. हा प्रयोग दारूवरचा नव्हता, हे लक्षात ठेवले पाहिजे. शिवाय पेनेबेकर हेही सांगतात की एखादा विषय लिहिताना आपण कोसळू असे वाटले तर तो सोडून द्यावा. सगळ्या जखमा एकाच रात्री उघडायच्या नसतात.

आता त्या दिवशीच्या बैठकीकडे येते. वहिनीच्या मनात एक गाठ होती आणि ती तिने तिथे सोडली. "हे रोज लिहितात. मला वाचू देत नाहीत. वीस वर्षं खोटं ऐकलं मी. पगार झाला नाही म्हणून खोटं, मित्र वारला म्हणून खोटं. आता वहीत खरं लिहिलंय तर ते मला का नाही?"

दादा खाली बघत होता. मलाही वाटले, बाईचे बरोबर आहे. समुपदेशक वहिनीला म्हणाले, "तुमचा हक्क आहे, पण वहीवर नाही, वागण्यावर आहे. वही तुम्ही वाचणार हे कळलं की ते तुमच्यासाठी लिहायला लागतील. छान छान लिहितील. मग ती वही पण खोटी झाली." मग त्यांनी दादाला विचारले, "चौदाव्या महिन्यात काय झालं ते सांगाल यांना?"

दादाने सांगितले. चौदाव्या महिन्यात तो घसरला होता, हे आम्हाला माहीत होते. बोनसचा दिवस, जुने सोबती, एक क्वार्टर आणि मग तीन दिवस. आम्ही सगळ्यांनी दोष सोबत्यांना दिला होता. पण घसरल्यानंतर दादाने वही उघडली तेव्हा त्याला दिसले की पिण्याच्या आधीची सहा पाने कोरी होती. बोनसच्या आधी सहा दिवस त्याने लिहिणेच सोडले होते. का सोडले? 'आता मी बरा आहे, काय रोज रोज लिहायचे' असे वाटले म्हणून. बाटली हातात यायच्या सहा दिवस आधी पेन हातातून सुटले होते.

वहिनी गप्प बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "म्हणजे मी वाचायची गरज नाही. लिहितात का नाही, एवढं बघायचं."

"हो," समुपदेशक म्हणाले. "तोंडाचा वास घेण्यापेक्षा ते सोपं आहे. आणि ताई, तुम्ही पण एक वही घ्या. ती यांनी वाचायची नाही."

ए.ए.च्या माणसांच्या घरच्यांसाठी १९५१ साली बिल विल्सन यांच्या पत्नी लोईस आणि त्यांच्या एका मैत्रिणीने 'अल-ॲनॉन' नावाची चळवळ सुरू केली. पिणाऱ्याच्या घरातली माणसेही आजारी पडतात. राग, पाळत, भीती यांचा तो आजार असतो, हे त्यांनी ओळखले. वहिनीने परतताना स्टेशनबाहेर दोनशे पानी वही घेतली. गाडीत दादा ठरल्याप्रमाणे झोपला. वहिनीने पहिल्या पानावर तारीख घातली आणि पेन माझ्या हातात दिले. "तू लिही, मी सांगते." मी म्हटले, "वहिनी, तुमचं तुम्ही लिहा. चुकलं तर चुकू द्या." तळेगाव येईपर्यंत तिने दोन ओळी लिहिल्या. मी पाहिल्या नाहीत.

वाचक बंधू-भगिनींनो, तुमच्या घरात कोणी असा असेल तर काही गोष्टी मनाशी ठेवा. वही हे औषध नव्हे. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली तर पहिल्या दोन-चार दिवसांत थरकाप, घाम, भास, फिट येऊ शकते. जिवावरही बेतू शकते. म्हणून पहिली पायरी डॉक्टरांची किंवा व्यसनमुक्ती केंद्राची. केंद्र सरकारची १४४४६ ही मोफत हेल्पलाइन आहे, तिथे फोन केला तर जवळच्या केंद्राची माहिती मिळते. दारू सुटणे हे केंद्रात होते, सुटलेली टिकणे हे घरी व्हायचे असते. वहीचे काम तिथे सुरू होते.

वही कोणतीही चालते, पोरांची उरलेली पाने शिवून केलीत तरी चालते. वेळ एकच ठेवा. शुद्धलेखन बघू नका. तारीख, चार दारांपैकी आज कोणते वाजले, लाट आली का, कोणाचे काही देणे लागतो का, आणि आज बरे काय झाले, एवढे पाच ओळींत होते. लिहिता येत नसेल तर भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर रोज एक खूण करा. ज्या दिवशी खूण झाली नाही त्या दिवशी मीटिंगला जा किंवा विश्वासाच्या माणसाला फोन करा. आणि घरच्यांनो, ती वही लपून वाचू नका. ती उघडली जाते की नाही, रात्री जेवणानंतर तो माणूस दहा मिनिटे तिच्यापाशी बसतो की नाही, एवढेच बघा. तेवढ्या वेळात टीव्हीचा आवाज कमी करा. आमच्या दादाच्या मुलीने हे काम आपणहून घेतले आहे. साडेनऊ झाले की ती काही न बोलता टीव्ही बंद करते आणि वही टेबलावर आणून ठेवते.